फिजिशियन, ओपीडी आणि डोंगर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमडी मेडिसिन केल्यानंतर मी प्राथमिक सेवेची ओपीडी चालवतो आणि दरवर्षी काही आठवडे डोंगरातल्या मोहिमांबरोबर डॉक्टर म्हणून जातो. रेसिडेन्सी करणारी मुलंमुली, नुकतेच पास झालेले डॉक्टर आणि कधी कधी पेशंटसुद्धा या कामाबद्दल तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. इथले डोस डॉक्टर वाचकांसाठी आहेत. इतरांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातली कुठलीही गोळी घेऊ नये.

इंटर्नल मेडिसिनचा डॉक्टर प्राथमिक सेवेत काय करतो? ते काम फॅमिली डॉक्टरचं ना?

फिजिशियन, म्हणजे इंटर्नल मेडिसिनचा डॉक्टर, मोठ्या माणसांचे आजार बघतो: बीपी, शुगर, दमा, थायरॉइड, ताप, अशक्तपणा, छातीत दुखणं आणि ज्याला अजून नाव मिळालेलं नाही असं सगळं. एमबीबीएसनंतर साधारण तीन वर्षांचं शिक्षण असतं, काही देशांत जास्त. ते संपलं की बहुतेक जण हृदय, पोट किंवा किडनी यांपैकी एक अवयव निवडून पुढे जातात. काही जण मात्र अख्खा माणूस बघत राहतात. मी त्यांतला.

प्राथमिक सेवा म्हणजे काय हे बार्बरा स्टारफिल्ड या अमेरिकन डॉक्टर-संशोधकांनी चार गोष्टींत सांगितलं आहे. दुखणं आलं की पहिल्यांदा जिथे जायचं ती जागा, वर्षानुवर्षं टिकणारं नातं, सगळ्या तक्रारींना दार उघडं असणं, आणि पुढे पाठवलं तरी सगळे धागे एकाच हातात राहणं. माझ्या अनुभवात यातली दुसरी गोष्ट बाकीच्या तिन्हींना जगवते. पंधरा वर्षं एकाच माणसाचं बीपी मोजलं की तो खुर्चीत बसण्याआधीच काहीतरी बिनसलंय हे कळतं. त्याचं ‘नेहमीचं’ काय, हे मला ठाऊक असतं. हा शब्द पुढे पुन्हा येणार आहे, कारण डोंगरात मला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

वाइल्डरनेस मेडिसिन म्हणजे गिर्यारोहकांचं वैद्यक का?

फक्त तेवढंच नाही. जिथून पेशंटला पक्क्या उपचारांपर्यंत पोचवायला तास, दिवस किंवा आठवडे लागतात तिथलं सगळं वैद्यक यात येतं. उंची, थंडी, उष्मा, वाळवंट, समुद्र, खोल पाण्यातलं डायव्हिंग, जंगल, साप, वीज, हिमस्खलन. अंटार्क्टिकाच्या तळावर हिवाळा काढणारा डॉक्टर हेच काम करतो आणि जंगलात मलेरियाची गोळी देणाराही हेच करतो. अमेरिकेत १९८३ मध्ये वाइल्डरनेस मेडिकल सोसायटी स्थापन झाली. तिथून या विषयाला संघटना, जर्नल आणि उपचारांच्या मार्गदर्शक सूचना मिळत गेल्या. काम अर्थातच त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं.

ओपीडीतली शुगर-बीपी आणि बर्फातली मोहीम, यांचा एकमेकांशी काय संबंध?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, म्हणून उत्तर लांबणार आहे.

चार्ल्स ह्यूस्टन (१९१३–२००९) हे फिजिशियन होते. न्यू हॅम्पशरमधल्या एक्झेटरला आणि नंतर कोलोरॅडोतल्या अ‍ॅस्पेनला ते साधी प्रॅक्टिस करायचे. १९३८ आणि १९५३ या दोन्ही वर्षी के-टू शिखरावरच्या अमेरिकन मोहिमांचं नेतृत्व त्यांनी केलं. १९५३ मध्ये सुमारे ७,७०० मीटरवर वादळात अडकलेले असताना त्यांचा साथीदार आर्ट गिल्की तंबूबाहेर कोसळला. ह्यूस्टन यांनी त्याची पोटरी तपासली आणि ओळखलं की शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे. पुढे ती फुप्फुसात गेल्याची लक्षणं दिसू लागली. हातात फक्त बोटं, डोळे आणि आजाराचं ज्ञान होतं. औषधाने काही होण्यासारखं नव्हतं, म्हणून शिखर सोडून सगळ्यांनी त्याला खाली न्यायचं ठरवलं. १० ऑगस्टला उतारावर माणसं घसरली, दोर एकमेकांत अडकले आणि पीट शोनिंग यांनी एकट्याने तो सगळा भार तोलून धरला म्हणून बाकीचे वाचले. गिल्की वाचला नाही.

त्यानंतर अ‍ॅस्पेनमध्ये ह्यूस्टन यांच्याकडे एक धडधाकट तरुण स्कीअर आला. फुप्फुसात पाणी भरलेलं, पण हृदय चांगलं. तोवर अशा पेशंटना न्यूमोनिया किंवा हार्ट फेल्युअर म्हटलं जायचं. ह्यूस्टन यांनी १९६० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये त्याबद्दल लिहिलं आणि उंचीमुळे निरोगी माणसाच्या फुप्फुसात पाणी होतं ही गोष्ट जगभरच्या डॉक्टरांपर्यंत पोचली. पेरूच्या डॉक्टरांनी ती त्याआधीच नोंदवलेली होती, हेही सांगायला हवं.

मला यात दिसतं ते असं: शोध लागला तो साध्या प्रॅक्टिसमध्ये, समोरच्या एका पेशंटकडे नीट बघून. ‘याचं वय आणि याचं हृदय बघता हे बसत नाही’ असं म्हणणारा फिजिशियन तिथे होता म्हणून. ओपीडीत आणि डोंगरात मी एकच काम करतो. हिस्ट्री घेतो, हाताने तपासतो, आणि पेशंट इथेच ठेवायचा की हलवायचा हे ठरवतो. डोंगरात सीटी स्कॅन नाही आणि चूक झाली तर दुरुस्तीला वेळ कमी, एवढाच फरक.

पण हे तर इमर्जन्सीवाल्यांचं किंवा ऑर्थोपेडिकवाल्यांचं क्षेत्र वाटतं.

त्यांचं आहेच. निखळलेला खांदा बसवणं, मोडलेल्या मांडीला ताण देऊन बांधणं, टाके घालणं यात ते माझ्यापेक्षा कितीतरी चांगले. मला हे सगळं पुन्हा शिकावं लागलं आणि दरवर्षी सराव करावा लागतो. पण ट्रेकला येणारे लोक आता फक्त विशीतले नसतात. साठीचे, स्टेंट घातलेले, इन्सुलिन घेणारे, गुडघे बदललेले लोक येतात. डोंगरात चालणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांत अपघात वगळता होणाऱ्या मृत्यूंचं मोठं कारण अचानक हृदय बंद पडणं हे आहे. तिथे फिजिशियनला काम भरपूर आहे.

मोहिमेवर दिवसभर काय करता?

पाय बघतो. खरंच. संध्याकाळी कॅम्पवर पोचलं की लोक बूट काढतात आणि मी हेडलॅम्प लावून टाचा बघत फिरतो. फोड येण्याआधी त्वचा लाल होते, तेव्हाच टेप लावला तर माणूस दुसऱ्या दिवशी चालतो. नाही लावला तर तिसऱ्या दिवशी तो लंगडतो, लंगडल्यामुळे गुडघा धरतो, आणि सगळ्या संघाचा वेग त्याच्या टाचेवर ठरतो. त्यानंतर जुलाब, खोकला, डोकेदुखी, झोप न येणं, उन्हाने सोललेले ओठ, दात. पिण्याचं पाणी उकळलं का, शौचाची जागा पाण्याच्या वाटेपासून लांब आहे का, स्वयंपाक करणाऱ्यांनी हात धुतले का, हेही मीच बघतो. आणि सामान वाहणाऱ्या माणसांनाही तितकंच नीट तपासतो. ते आपणहून तक्रार सांगत नाहीत, कारण कामावरून काढतील अशी भीती त्यांना असते. डॉक्टर फक्त पैसे भरलेल्यांचा नसतो, हे मी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर बोलतो.

उंचीचा त्रास ओळखायचा कसा?

पुस्तकातली माहिती आधी देतो. साधारण २,५०० मीटरच्या वर त्रास सुरू होऊ शकतो. ५,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा, एव्हरेस्टच्या माथ्यावर जेमतेम एक तृतीयांश. डोकेदुखी आणि तिच्याबरोबर मळमळ, थकवा किंवा चक्कर असेल तर ‘लेक लुईस’ या उंचीचा त्रास मोजणाऱ्या स्कोअरमध्ये गुण धरतात. २०१८ च्या सुधारणेत झोपेचा मुद्दा त्यातून काढून टाकला. पीटर हॅकेट आणि ड्रमंड रेनी यांनी नेपाळमधल्या फेरिचेला ४,२४३ मीटरवर २७८ ट्रेकर तपासले, त्यातल्या ५३ टक्क्यांना हा त्रास होता. ते १९७६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आलं. भारतीय लष्करात इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १,९२५ सैनिकांचा अनुभव १९६९ मध्ये मांडला. म्हणजे हा त्रास दुर्मीळ नाही आणि फिटनेसने टळतही नाही.

आता माझ्या चुकीबद्दल. ४,२०० मीटरच्या आसपासचा कॅम्प, दुपारचे चार. संघातला सगळ्यात दणकट मुलगा, वय तिशीच्या आत, येऊन म्हणाला, “डॉक्टर, जरा खोकला आहे.” घसा पाहिला, पाठीवर दोन ठिकाणी स्टेथोस्कोप टेकवला. कोरड्या हवेने त्या उंचीवर निम्म्या लोकांना खोकला असतोच. गरम पाण्याची वाफ घे म्हटलं आणि पुढच्याकडे वळलो. रात्री दोनला त्याच्या तंबूतल्या जोडीदाराने मला उठवलं. मुलगा उठून बसला होता, आडवं होता येत नव्हतं. श्वास मिनिटाला ३४. ओठ राखाडी. बोट काखेत धरून गरम केलं तेव्हा कुठे ऑक्सिमीटरने रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा दाखवला: ६१ टक्के. उजव्या काखेखाली स्टेथोस्कोप ठेवल्याबरोबर बारीक करकर ऐकू आली. उंचीमुळे फुप्फुसात पाणी झालं होतं. दुपारी मी तिथे ऐकलंच नव्हतं.

ऑक्सिजन लावला, फुप्फुसातला दाब उतरवणारं निफेडिपिन दिलं आणि चार माणसं घेऊन हेडलॅम्पच्या उजेडात खाली निघालो. त्याला चालायला लावलं नाही, पाळीपाळीने पाठीवर घेतलं, कारण श्रमाने फुप्फुसातला दाब आणखी वाढतो. सातशे मीटर उतरलो तोवर फटफटलं होतं. आकडा ८० च्या वर आला आणि त्याने स्वतःहून पाणी मागितलं.

मागाहून कळलं की तो रोज कॅम्पवर पहिला पोचायचा आणि त्या दिवशी शेवटून दुसरा आला होता. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, पण विचारात घेतलं नव्हतं. ओपीडीतल्या माझ्या पेशंटच्या बाबतीत ही चूक झाली नसती, कारण तिथे त्याचं नेहमीचं मला पाठ असतं. तेव्हापासून मोहिमेच्या पहिल्या दिवशीच प्रत्येकाचं एक पान करतो: चालण्याचा वेग, जेवण, बडबड, झोप, श्वासाची गती. आणि दुपारी खोकला घेऊन आलेल्याला पहिला प्रश्न असतो, “आज कितवे पोचलात?”

मग उपचार काय?

खाली उतरणं. बाकी सगळं उतरण्याची सोय होईपर्यंतचं. साधी डोकेदुखी असेल तर वर जाणं थांबवायचं, विश्रांती घ्यायची आणि वाट बघायची. माणूस सरळ रेषेत टाचेला बोट लावून चालू शकत नसेल, बरळत असेल, तर मेंदूला सूज आहे असं धरा: सूज उतरवणारं डेक्सामेथासोन ८ मिग्रॅ, मग दर सहा तासांनी ४ मिग्रॅ, आणि लगेच उतरा. हवामानामुळे उतरता येत नसेल तर हवा भरून दाब वाढवणारी पिशवी असते, तिच्यात पेशंटला झोपवून पायाने पंप मारत राहायचं. मी एकदा तीन तास आळीपाळीने मारला आहे.

टाळायचं असेल तर ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. जोखीम जास्त असेल त्यांना शरीराला उंचीची सवय लवकर लावणारी गोळी, अ‍ॅसिटाझोलामाइड १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात आणि सोडा बेचव लागतो, हे आधीच सांगा. नाहीतर लोक घाबरून गोळी बंद करतात.

ट्रेकला निघालेला पेशंट ओपीडीत आला तर काय बघता?

माझ्या मते वाइल्डरनेस मेडिसिनचं अर्धं काम इथेच, पंख्याखाली बसून होतं. आणि ते करायला मोहिमेवर जावंच लागतं असं नाही.

बहुतेक जण ‘फिटनेस सर्टिफिकेट’वर सही मागायला येतात. मी त्यांना आधी नकाशा दाखवायला सांगतो. पहिली रात्र किती उंचीवर? सगळ्यात उंच मुक्काम कुठे? आजारी पडलात तर खाली जायला आधी वर चढावं लागतं का? ही शेवटची गोष्ट कार्यक्रमपत्रिकेत कुणी लिहीत नाही आणि सगळ्यात घातक तीच. मग याआधी उंचीवर गेला होतात तेव्हा काय झालं होतं? पुढचा अंदाज सांगणारा याहून चांगला प्रश्न मला माहीत नाही.

त्यानंतर गोळ्यांची पिशवी टेबलावर उलटी करायची. लघवी जास्त करणाऱ्या बीपीच्या गोळ्या जुलाब लागल्यावर त्रास देतात. बीटा ब्लॉकर घेणाऱ्याची नाडी श्रमानेही फारशी वाढत नाही, त्यामुळे तो लवकर थकतो. शुगरसाठी एसजीएलटी-टू गटातली गोळी चालू असेल आणि उलट्या होऊन खाणं थांबलं, तर शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठून किटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. त्याची मळमळ आणि थकवा उंचीच्या त्रासासारखाच दिसतो. ही गोळी कधी बंद ठेवायची हे मी कागदावर लिहून देतो. इन्सुलिन गोठलं की वाया गेलं, म्हणून ते अंगाला लागून असलेल्या खिशात ठेवायचं आणि रात्री झोपण्याच्या पिशवीत घ्यायचं. गर्भनिरोधक गोळ्या आणि पूर्वी झालेली रक्ताची गुठळी हे दोन प्रश्न मी कधीच सोडत नाही. गिल्की नेहमी आठवतो.

जिना चढताना छातीत दाटतं असं कुणी बोलून गेलं तर सही नाही. आधी हृदयाची तपासणी, मग डोंगर. एका गृहस्थांना मी सहा महिने थांबवलं, तेव्हा ते रागावून दुसरीकडून सही घेऊन येतो म्हणाले. घेतली नाही. अँजिओप्लास्टी झाली, औषधं बसली आणि पुढच्या मोसमात ते हळूहळू जाऊन आले. फोटो दाखवायला आले तेव्हा मी सगळ्यात आधी त्यांचं बीपी मोजलं.

हॉस्पिटलात शिकलेलं बाहेर उलटं पडतं का?

काही बाबतीत पडतं. एकाच वेळी अनेक जण जखमी असतील तर हॉस्पिटलात ज्याचा श्वास थांबलाय त्याला शेवटी बघायला शिकवतात. वीज पडली असेल तर उलट करायचं. निपचित पडलेल्यांकडे आधी धावा, कारण विजेच्या झटक्याने थांबलेलं हृदय बऱ्याचदा आपणहून चालू होतं पण श्वास मागे राहतो. तेवढा वेळ कुणी श्वास दिला तर माणूस वाचतो. ओरडणारे वाचणारच असतात.

गारठलेल्या माणसाला गरम केल्याशिवाय मृत म्हणायचं नाही. १९९९ मध्ये नॉर्वेत अ‍ॅना बोगेनहोल्म बर्फाखालच्या पाण्यात अडकली, शरीराचं तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरलं, आणि तरीही ती वाचली. ती स्वतः डॉक्टर आहे. आपले रोजचे थर्मामीटर तर ३४–३५ अंशांखाली वाचतच नाहीत, आणि गारठा मोजायला सुरुवात तिथूनच होते.

उष्माघातात आधी थंड करा, मग हलवा. ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्लाही सरसकट देऊ नका. तासन्‌तास चालताना तहानेपेक्षा फार जास्त पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम उतरून झटके आलेले आहेत. हिमदंश झालेला पाय चोळायचा नाही. ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात तो मोकळा करायचा, पण पुढे पुन्हा गोठण्याची शक्यता नसेल तरच. नाहीतर गोठलेल्या पायावर चालत खाली येणं परवडतं.

सर्पदंश आणि विंचूदंश?

कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. अवयव हलू द्यायचा नाही आणि प्रतिविष मिळेल तिथे पोचायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. जगभरात वर्षाला ८१,००० ते १,३८,००० मृत्यू होतात असा तिचा अंदाज आहे.

विंचवाबद्दल आपल्याला फार लांब बघायला नको. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी, एका फिजिशियनने, लाल विंचवाच्या दंशात हृदय आणि फुप्फुस का ढासळतात याच्या नोंदी पेशंटच्या उशाशी बसून ठेवल्या आणि प्राझोसिन ही बीपीची स्वस्त गोळी त्यावर वापरून दाखवली. ते काम लॅन्सेट आणि बीएमजे या जर्नलांपर्यंत पोचलं. वाइल्डरनेस मेडिसिन फक्त महागडे बूट घातलेल्यांसाठी असतं असं कुणी म्हणालं की मी हे उदाहरण देतो.

पेटीत काय ठेवता?

यादी मोहिमेनुसार बदलते. न बदलणाऱ्या गोष्टी सांगतो: अ‍ॅड्रेनालिन (मोठ्यांना ०.५ मिग्रॅ मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत), अ‍ॅस्पिरिन, डेक्सामेथासोन, निफेडिपिन, अ‍ॅसिटाझोलामाइड, अ‍ॅझिथ्रोमायसिन, ओआरएस, उलटीची गोळी, पॅरासिटामोल, आयबुप्रोफेन, वाकवता येणारा स्प्लिंट, खूप टेप, ग्लुकोमीटर, ऑक्सिमीटर, कमी तापमान दाखवणारा थर्मामीटर. जीव वाचवणारी औषधं दोन वेगवेगळ्या पिशव्यांत, दोन वेगवेगळ्या माणसांच्या पाठीवर. एकदा एक पिशवी दरीत गेली तेव्हा याची किंमत कळली.

शिक्षण कुठून घ्यायचं?

डॉक्टरांसाठी ‘अ‍ॅडव्हान्स्ड वाइल्डरनेस लाइफ सपोर्ट’ हा काही दिवसांचा कोर्स आहे. सुरुवात त्याने करा. डोंगराकडे ओढा असेल तर माउंटन मेडिसिनचा आंतरराष्ट्रीय डिप्लोमा आहे. गिर्यारोहण, बचावकार्य आणि माउंटन मेडिसिन अशा तीन आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून १९९७ पासून तो चालवला. त्यात वर्गाबरोबर दोरकाम आणि बर्फावरचं कामही करून दाखवावं लागतं. वाइल्डरनेस मेडिकल सोसायटीची फेलोशिप नोकरी सांभाळून गुण जमवत पूर्ण करता येते. पूर्णवेळ एक वर्षाच्या फेलोशिप बहुतेक अमेरिकेतल्या इमर्जन्सी विभागांत आहेत, फिजिशियनने तिथे आधी विचारून घ्यावं. आणि तुमच्या जवळच्या बचाव पथकाबरोबर स्ट्रेचर उचला. हे कुठलाच कोर्स शिकवत नाही.

काम कुठे मिळतं?

नेपाळमधली हिमालयन रेस्क्यू असोसिएशन १९७३ पासून आहे. फेरिचे आणि मनांग इथल्या तिच्या आरोग्य केंद्रांवर मोसमात स्वयंसेवक डॉक्टर असतात. एव्हरेस्ट बेस कॅम्पवरचा दवाखाना ल्युअ‍ॅन फ्रीअर यांनी २००३ मध्ये सुरू केला. अंटार्क्टिकाच्या बऱ्याच तळांवर हिवाळाभर एकटा डॉक्टर असतो. १९६१ मध्ये लिओनिद रोगोझोव या सोव्हिएत डॉक्टरने तिथे स्वतःचं अपेंडिक्स स्वतः काढलं होतं. ऑस्ट्रेलिया तर तिथे हिवाळा काढणाऱ्या डॉक्टरांचं अपेंडिक्स आधीच काढून घ्यायला लावते. याशिवाय जहाजं, संशोधन मोहिमा, लांब पल्ल्याच्या शर्यती. पण पहिली संधी बहुतेक वेळा ओळखीच्या एखाद्या छोट्या गटाकडूनच येते.

यावर घर चालतं का?

नाही. बहुतेक कामं विनामोबदला असतात किंवा जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च मिळतो. घर ओपीडीवर चालतं. मला त्यात कमीपणा वाटत नाही.

परवाना आणि कायद्याचं काय?

दुसऱ्या देशात पेशंट तपासायचा तर तिथली नोंदणी लागते. तुमचा व्यावसायिक विमा मोहिमेवरच्या कामाला लागू आहे का ते लेखी विचारा. मॉर्फिन, केटामाइनसारखी औषधं कागदपत्रांशिवाय सीमेपार नेऊ नका. प्रत्येक पेशंटची नोंद ठेवा, तंबूत असलात तरी. पेन्सिलने लिहा, थंडीत शाई गोठते.

खाली उतरायला पेशंटने नकार दिला तर?

शुद्धीवर असलेल्या माणसाला नकाराचा हक्क आहे, उंचीवरही. पण मेंदूला सूज आली की पहिल्यांदा विवेक जातो, त्यामुळे हा नकार माणसाचा की आजाराचा हे आधी तपासावं लागतं. मी त्याला सरळ रेषेत चालायला आणि शंभरातून सात-सात वजा करायला सांगतो. जमलं नाही तर वाद घालत बसत नाही, माणसं बोलावतो. जमलं तर बसून बोलतो. आयोजकांशी मात्र हा विषय निघण्याआधीच, पहिल्या भेटीत लेखी ठरवून घेतो: कुणाला उतरवायचं यात शेवटचा शब्द डॉक्टरचा. एका आयोजकाने हे मान्य केलं नाही, तेव्हा मी त्या मोहिमेवर गेलो नाही.

तुम्ही जाता तेव्हा ओपीडीतल्या पेशंटचं काय होतं?

सहकारी डॉक्टर बघतात. महिनाभर आधीपासून मी नाजूक पेशंटची यादी करतो आणि प्रत्येकासमोर एक ओळ लिहितो. ‘वजन दोन किलो वाढलं तर लगेच बोलवा.’ ‘या बाई दुखतंय म्हणत नाहीत, गप्प बसतात.’ केस पेपरवर नसलेलं असं सगळं तिथे येतं. तरी एकदा परत आलो तेव्हा माझे एक जुने आजोबा गेलेले होते. उपचारांत काही कमी पडलं नव्हतं, पण त्यांच्या मुलाने “शेवटी तुमची चौकशी करत होते” एवढंच सांगितलं. या कामाची ही किंमत आहे आणि ती तुमच्याबरोबर पेशंटही मोजतात. वर्षातून किती दिवस जायचं हे ठरवताना ती धरा.

मी स्वतः पट्टीचा गिर्यारोहक असायला हवं का?

संघाच्या मागे पडणार नाही आणि दिवस संपल्यावर काम करायला अंगात जोर उरेल, इतकं हवं. थकलेला डॉक्टर तंबूतून बाहेर पडायचा कंटाळा करतो.

अजून रेसिडेन्सी चालू आहे. आत्ता काय सुरू करता येईल?

वॉर्डात रोज एक पेशंट असा निवडा की त्याचे रिपोर्ट न बघता आधी त्याच्याशी बोलायचं आणि तपासायचं. श्वासाची गती स्वतः मोजा, पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून. चार्टवर सगळ्यांची २० लिहिलेली असते. निदान कागदावर लिहा, मग एक्स-रे उघडा. आणि पेशंटच्या बायकोला किंवा मुलाला विचारा, “हे एरवी असेच असतात का?” मला काही वेळा सगळं निदान त्या एका उत्तरात मिळालं आहे.